एका पाकिटाने संगणक कसा बंद पडतो?

१९९८ सालची गोष्ट. मी तेव्हा एका कनिष्ठ महाविद्यालयात संगणक शिकवत होतो. संगणकाच्या खोलीत बारा यंत्रे होती. सगळी केबलने एकमेकांना जोडलेली आणि सगळ्यांवर विंडोज ९५. प्रात्यक्षिक परीक्षेच्या आदल्या दिवशी बारावीची मुले आपापल्या प्रकल्पांवरून शेवटचा हात फिरवत होती. एकाएकी खिडकीजवळच्या संगणकाचा पडदा निळा झाला. त्यावर पांढऱ्या अक्षरांत चुकीची सूचना. पाठोपाठ शेजारचा बंद पडला, मग त्याच्या पलीकडचा. पाच मिनिटांत सात संगणक थांबले. दोन मुलींनी दीड तास खपून टंकलेला मजकूर साठवून ठेवलेला नव्हता. तो गेला. त्यातली एक रडू लागली.

व्हायरस असणार, असे सर्वांचे मत पडले. आम्ही फ्लॉपी लावून एकेक यंत्र तपासले. काही सापडले नाही. संगणक पुन्हा सुरू केले तर ठणठणीत! संध्याकाळी खोलीला कुलूप लावत असताना एक मुलगा थांबून राहिला होता. म्हणाला, "सर, ते मी केलं. एक प्रोग्रॅम मिळाला होता, तो चालतो का ते बघत होतो. पण मी कुणाच्या संगणकाला हातसुद्धा लावला नाही. इथून फक्त एकेक निरोप पाठवला. एका निरोपानं संगणक बंद पडत असेल, तर चूक माझी की त्याची?"

माझ्या सहकाऱ्याचे म्हणणे होते की मुलाला परीक्षेला बसू देऊ नये. मला त्याच्या प्रश्नाचे उत्तर त्या वेळी देता आले नाही. हा लेख म्हणजे ते उत्तर आहे, असे समजायला हरकत नाही.

अडवणूक आणि चोरी

संगणकावरचा हल्ला म्हटले की आपल्या डोळ्यांसमोर चोरी येते. कोणी तरी परवलीचा शब्द शोधून काढला, माहिती पळवली किंवा पुसून टाकली. पण हल्ल्याचा आणखी एक प्रकार आहे. त्यात काहीच चोरले जात नाही, आत शिरणेही नसते. फक्त संगणक जे काम लोकांसाठी करत असतो ते त्याला करू द्यायचे नाही, एवढेच. याला डिनायल ऑफ सर्व्हिस म्हणतात. आपण त्याला 'सेवेची अडवणूक' म्हणू.

अडवणूक दोन प्रकारे करता येते. दुकानासमोर शंभर माणसे आणून उभी केली तर खऱ्या गिऱ्हाइकाला आत जाता येत नाही. हा झाला गर्दीचा प्रकार. दुसऱ्या प्रकारात एकच गिऱ्हाईक येते आणि दुकानदाराला असा काही प्रश्न विचारते की तो जागच्या जागी थिजून जातो. माणसाच्या बाबतीत हे हास्यास्पद वाटेल. संगणकाच्या बाबतीत १९९६ ते १९९८ या काळात हे वारंवार घडले, आणि त्या वेळच्या बहुतेक प्रमुख ऑपरेटिंग सिस्टिम त्यात सापडल्या. त्यातली काही उदाहरणे आपण बघू. सर्वांच्या मुळाशी असलेले गणित शाळेतल्या बेरीज-वजाबाकीपलीकडचे नाही.

पार्सल तोडून पाठवण्याची पद्धत

इंटरनेटवर माहिती सलग धारेसारखी वाहत नाही. ती लहान लहान पाकिटांत भरून जाते. प्रत्येक पाकिटावर पाठवणाऱ्याचा पत्ता, घेणाऱ्याचा पत्ता आणि पाकिटाची एकूण लांबी लिहिलेली असते. हे नियम आयपी या नावाने ओळखले जातात आणि ते सप्टेंबर १९८१ मध्ये प्रसिद्ध झाले. लांबी लिहिण्यासाठी त्यात १६ बिटांची जागा ठेवली आहे. १६ बिटांत मावणारी मोठ्यात मोठी संख्या ६५,५३५. म्हणून कोणतेही पाकीट ६५,५३५ बाइटांपेक्षा मोठे असू शकत नाही.

पण वाटेतल्या तारा एवढे मोठे पाकीट घेत नाहीत. आपल्या शाळा-कार्यालयांत असते त्या ईथरनेटवर एका वेळी १,५०० बाइट जातात. त्यातले पहिले २० बाइट पत्ता वगैरे मजकुराचे, म्हणजे शीर्षाचे. उरले १,४८०. म्हणून मोठ्या पाकिटाचे तुकडे केले जातात आणि प्रत्येक तुकड्यावर लिहिले जाते, 'हा तुकडा मूळ मजकुरातल्या अमुकाव्या बाइटपासून सुरू होतो.' घेणारा संगणक सगळे तुकडे जमा करतो आणि त्या आकड्यांप्रमाणे ओळीने मांडून मूळ पाकीट पुन्हा तयार करतो.

रीत सोपी आणि चांगली आहे. मात्र तिच्यात एक गोष्ट गृहीत धरलेली आहे. तुकड्यांवरचे आकडे खरे असणार, ही ती गोष्ट. पाठवणाऱ्याने चुकून किंवा मुद्दाम भलतेच आकडे लिहिले तर?

तीन बाइट जास्त

'पिंग' नावाची एक छोटी सोय बहुतेक सर्व संगणकांवर असते. १९८३ साली अमेरिकेत माइक मूस यांनी ती लिहिली. एका संगणकाने दुसऱ्याला 'आहेस का?' असे विचारायचे आणि दुसऱ्याने 'आहे' म्हणून तोच मजकूर परत पाठवायचा. वर्गातल्या हजेरीसारखेच. जोडणी नीट आहे की नाही हे तपासायला तिचा रोज उपयोग होतो.

या हजेरीबरोबर किती बाइट मजकूर पाठवायचा हे सांगता येते. समजा, ६५,५१० बाइट पाठवायला सांगितले. त्यात पिंगचे स्वतःचे ८ बाइट मिळवले की ६५,५१८ झाले. हे १,४८० च्या तुकड्यांत तोडू. ४४ पूर्ण तुकडे होतात (४४ × १,४८० = ६५,१२०) आणि शेवटी ३९८ बाइटांचा एक लहान तुकडा उरतो. त्यावर लिहिलेले असते, 'हा ६५,१२० पासून सुरू होतो.'

आता घेणाऱ्या संगणकाच्या जागी जाऊन बघा. प्रत्येक तुकडा वेगवेगळा तपासला तर निर्दोष आहे. ६५,१२० हा आकडा परवानगी असलेल्या मर्यादेत आहे. ३९८ ही लांबीही लहानच आहे. पण सगळे जोडून वर शीर्षाचे २० बाइट धरले तर?

६५,१२० + ३९८ + २० = ६५,५३८.

मर्यादेपेक्षा तीन बाइट जास्त! कोणत्याही एका तुकड्यात चूक नाही. चूक बेरजेत आहे. आणि ही बेरीज मर्यादेत बसते का, हे पाहण्याची सूचना अनेक ऑपरेटिंग सिस्टिम लिहिणाऱ्यांनी आपल्या प्रोग्रॅममध्ये घातलेलीच नव्हती. नियमाप्रमाणे पाकीट एवढे मोठे होऊ शकत नाही, मग तपासायचे कशाला?

परिणाम दोन प्रकारे होऊ शकतो. स्कूटरच्या मीटरवर ९९,९९९ नंतर पुन्हा ००,००० येते, तसे १६ बिटांच्या जागेत ६५,५३५ नंतर पुन्हा ० येतो. म्हणजे ६५,५३८ ऐवजी तिथे २ उरतो, आणि संगणक पुढचे सगळे हिशोब एवढेसे पाकीट आले आहे असे समजून करतो. किंवा मग तुकडे जोडण्यासाठी राखलेली जागा पुरत नाही आणि जादा बाइट शेजारच्या जागेत सांडतात. त्या शेजारच्या जागेत ऑपरेटिंग सिस्टिमचे स्वतःचे काही महत्त्वाचे टिपण असू शकते. ते बिघडले की संगणक थांबतो किंवा आपणहून पुन्हा सुरू होतो.

१९९६ च्या अखेरीस ही गोष्ट जगजाहीर झाली आणि तिला 'पिंग ऑफ डेथ' असे नाव पडले. १८ डिसेंबर १९९६ रोजी अमेरिकेतील सर्ट या संगणक-सुरक्षा संस्थेने त्याबद्दल इशारा दिला. विंडोज, युनिक्सच्या निरनिराळ्या आवृत्त्या, इतकेच काय, काही राऊटर आणि प्रिंटरसुद्धा यात सापडले होते. उपाय साधा होता, बेरीज तपासण्याच्या एक-दोन ओळी प्रोग्रॅममध्ये वाढवणे.

उणे आठ

पुढच्याच वर्षी, १९९७ मध्ये, तुकडे जोडण्यातलीच आणखी एक चूक सापडली. तिचे नाव 'टीअरड्रॉप', म्हणजे अश्रूचा थेंब. समजा, पहिला तुकडा ० पासून सुरू होतो आणि ३६ बाइट लांब आहे. दुसरा तुकडा ३६ पासून सुरू व्हायला हवा. पण त्यावर लिहिले आहे, '२४ पासून', आणि तो फक्त ४ बाइटांचा आहे. म्हणजे तो २८ ला संपतो. हा तुकडा पहिल्याच्या पोटात पूर्णपणे बुडालेला आहे.

तुकडे थोडेसे एकमेकांवर चढले तर काय करायचे, याचा विचार प्रोग्रॅममध्ये होता. चढलेला भाग सोडून द्यायचा आणि उरलेला तेवढा पुढे जोडायचा. म्हणून संगणक दुसऱ्या तुकड्याची सुरुवात २४ वरून सरकवून ३६ वर नेतो. उरलेली लांबी किती? शेवट वजा सुरुवात.

२८ − ३६ = −८.

आता आज्ञा होते, 'उणे आठ बाइट उतरवून घे.' उतरवून घेणारा भाग ऋण संख्या जाणत नाही. त्याच्या दृष्टीने लांबी नेहमी धनच असते. ३२ बिटांत −८ ज्या खुणांनी लिहिला जातो, त्याच खुणा धन संख्या म्हणून वाचल्या तर ४,२९,४९,६७,२८८ होतात. जेमतेम १६ किंवा ३२ मेगाबाइट स्मृती असलेला त्या वेळचा संगणक चार अब्जांहून अधिक बाइट उतरवून घ्यायला निघाला, तर त्याचे काय होणार? तो तिथेच कोसळला. विंडोज आणि लिनक्स दोन्ही यात सापडले.

गणित शिकवणाऱ्या शिक्षकांनी हे उदाहरण जरूर वापरावे. 'लांबी ऋण येऊ शकत नाही' असे आपण भूमितीत सहज म्हणतो. पण दोन संख्यांची वजाबाकी करून लांबी काढली असेल, तर मोठी संख्या कोणती हे आधी पाहावे लागते. विद्यार्थी विसरतो तेव्हा आपण अर्धा गुण कापतो. इथे संगणक बंद पडले.

'तातडीचे', पण पुढे काही नाही

आमच्या खोलीतल्या सात संगणकांचे काय झाले होते? ती तिसरी चूक. मे १९९७ मध्ये 'विननूक' नावाचा एक छोटासा प्रोग्रॅम पसरला. विंडोज ९५ आणि विंडोज एनटी यांच्यावर फाइली व प्रिंटर एकमेकांत वापरता यावेत म्हणून एक सेवा चालू असे. संगणकाच्या ज्या 'दारा'वर ती उभी असे त्याचा क्रमांक १३९.

संगणकांच्या संभाषणाच्या नियमांत, म्हणजे टीसीपीमध्ये, पाकिटावर 'तातडीचे' असा शिक्का मारण्याची सोय आहे. तातडीचा मजकूर कुठे संपतो हेही त्यात लिहिता येते. त्यापुढे नेहमीचा मजकूर येणारच, असे विंडोजच्या प्रोग्रॅममध्ये धरून चालले होते. या पाकिटात तातडीचा मजकूर तिथेच संपत असे आणि पुढे काहीच नसे. जे नाही ते वाचायला संगणक गेला आणि पडदा निळा झाला. यात डिस्कवरच्या माहितीला धक्का लागत नसे. यंत्र पुन्हा सुरू केले की सर्व ठीक. फक्त जे साठवलेले नव्हते ते गेलेले असे. आमच्या मुलींचे तेच झाले होते.

मायक्रोसॉफ्टने दुरुस्ती उपलब्ध करून दिली होती. पण ती इंटरनेटवरून उतरवून प्रत्येक यंत्रावर घालायला हवी होती. आमच्या खोलीत एक मोडेम आणि तासांवर मोजलेली जोडणी. दुरुस्ती अशी काही असते हेच आम्हाला माहीत नव्हते. यातली माझी चूक मला इथे नोंदवायला हवी.

न संपणारे संभाषण

आतापर्यंतच्या तिन्ही उदाहरणांत प्रोग्रॅम लिहिताना काही तरी राहून गेले होते. आता असे एक उदाहरण पाहू, ज्यात प्रोग्रॅममध्ये एकही चूक नाही.

जुन्या युनिक्स संगणकांवर चाचणीसाठी काही छोट्या सेवा चालू ठेवलेल्या असत. मे १९८३ मध्ये त्यांचे नियम प्रसिद्ध झाले. त्यातली एक 'एको', दार क्रमांक ७. तिच्याकडे जे पाठवाल ते ती जसेच्या तसे परत करते. दुसरी 'कॅरॅक्टर जनरेटर', दार क्रमांक १९. तिला काहीही पाठवा, ती उत्तरादाखल अक्षरांची एक ओळंब पाठवून देते. दोन्ही निरुपद्रवी. तारा नीट आहेत का हे पाहायला उपयोगी.

आता कोणी एक खोटे पाकीट तयार केले. पाठवणाऱ्याचा पत्ता 'पहिला संगणक, दार १९' आणि घेणाऱ्याचा पत्ता 'दुसरा संगणक, दार ७'. दुसऱ्या संगणकाने ते इमानेइतबारे पहिल्याच्या १९ व्या दाराकडे परत केले. तिथे पाकीट आल्याबरोबर अक्षरे निघाली, ती गेली ७ व्या दाराकडे. तिथून ती परत. पुन्हा अक्षरे, पुन्हा परत. पाकीट लावून देणारा केव्हाच निघून गेला, पण दोन संगणक एकमेकांशी बोलत राहिले. मधली तार त्यांच्या बोलण्याने भरून गेली आणि खऱ्या कामाला जागा उरली नाही. सर्टने फेब्रुवारी १९९६ मध्ये याबद्दल इशारा दिला आणि ज्या सेवांची गरज नाही त्या बंद ठेवा, असा सल्ला दिला.

दोन्ही सेवा नियमाप्रमाणेच वागत होत्या. मग चूक कुठे होती? पाठवणाऱ्याचा पत्ता खरा आहे, या समजुतीत. पोस्टकार्डावर पाठवणारा स्वतःचा पत्ता स्वतःच लिहितो आणि पोस्टमन तो तपासत नाही. आयपीच्या पाकिटाचेही तसेच आहे.

नंबर लावून न येणारे

याच खोट्या पत्त्याचा सर्वांत गाजलेला उपयोग सप्टेंबर १९९६ मध्ये झाला. तो समजण्यासाठी तालुक्याच्या गावातला एखादा दवाखाना डोळ्यांसमोर आणा. फोनवर नंबर लावायची सोय आहे. तुम्ही फोन करून आपले नाव आणि फोन नंबर सांगता. कंपाउंडर ते वहीत लिहितो आणि त्या नंबरावर उलट फोन करून सांगतो, 'नाव लिहिलंय, या.' मग तुम्ही जाता आणि वहीतल्या नावावर काट मारली जाते. वहीत एका वेळी आठच नावे मावतात. जो येत नाही त्याचे नाव सव्वा मिनिटाने खोडतात.

टीसीपीने जोडणी सुरू होते ती अगदी याच तीन पायऱ्यांनी. विनंती, तिला उत्तर, आणि उत्तराची पोच. विनंती आल्यापासून पोच मिळेपर्यंत सर्व्हरला त्या अर्धवट जोडणीची नोंद ठेवावी लागते. जुन्या प्रणालींत अशा नोंदींची यादी फारच छोटी असे, आठ-दहा नोंदींचीही असे. आणि पोच आली नाही तर नोंद साधारणपणे ७५ सेकंद राखून ठेवली जाई.

आता कोणी भलत्याच लोकांची नावे आणि न लागणारे फोन नंबर सांगून नंबर लावत सुटला तर? कंपाउंडर उलट फोन करतो, कोणी उचलत नाही, आणि वही भरलेलीच राहते. खरा रोगी फोन करतो तेव्हा त्याला 'जागा नाही' असे उत्तर मिळते. डॉक्टर आत मोकळेच बसलेले आहेत!

हिशोब करा. यादी आठ नोंदींची आणि मुदत ७५ सेकंदांची असेल, तर ती सतत भरलेली ठेवायला साधारण दर नऊ सेकंदांना एक खोटी विनंती पुरते. अशी विनंती अवघी ४० बाइटांची असते. म्हणजे टेलिफोनवरच्या साध्या मोडेमनेसुद्धा एक मोठा सर्व्हर अडवता येत होता.

६ सप्टेंबर १९९६ पासून न्यूयॉर्कमधील पॅनिक्स या इंटरनेट जोडणी पुरवणाऱ्या कंपनीवर असा हल्ला सुरू झाला आणि तो काही दिवस चालला. तिच्या ग्राहकांची टपालसेवा आणि वेबची पाने अडून राहिली. पत्ते खोटे असल्याने हल्ला कुठून होतो आहे हे शोधणे फार अवघड होते.

यावर त्याच महिन्यात अमेरिकेतील गणिती डॅनियल बर्नस्टाइन यांनी एक सुंदर उपाय सुचवला. कंपाउंडरने वहीत काही लिहायचेच नाही! आलेले नाव, फोन नंबर, वेळ आणि फक्त स्वतःला ठाऊक असलेला एक गुप्त आकडा, यांच्यावरून गणित करून एक खुणेची संख्या काढायची आणि उलट फोन करून ती सांगायची. रोगी आला की त्याने ती संख्या सांगावी. कंपाउंडर पुन्हा तेच गणित करतो. उत्तर जुळले तर नाव-नंबर खरे होते, कारण उलट फोन त्यालाच पोचला. ज्याने खोटा नंबर दिला त्याला ही संख्या कळतच नाही. आणि वही नसल्यामुळे ती भरण्याचाही प्रश्न नाही. ही युक्ती 'सिन कुकी' या नावाने ओळखली जाते. ती पुढे लिनक्समध्ये आली आणि आजही वापरात आहे.

असे का झाले?

ज्यांनी हे नियम आणि हे प्रोग्रॅम लिहिले ते लोक निष्काळजी होते का? मुळीच नाही. सत्तरच्या दशकाच्या अखेरीस आणि ऐंशीच्या सुरुवातीला हे जाळे काही शे संगणकांचे होते. ते विद्यापीठांत आणि संशोधन संस्थांत असत. वापरणारे एकमेकांना नावाने ओळखत. त्यांच्यापुढचा खरा प्रश्न असा होता, की निरनिराळ्या कंपन्यांचे संगणक एकमेकांशी बोलतील कसे? म्हणून त्यांच्यातले एक प्रमुख शास्त्रज्ञ जॉन पोस्टेल यांनी एक धोरण सांगितले होते. आपण पाठवताना नियम काटेकोर पाळावेत, पण दुसऱ्याकडून आलेले स्वीकारताना उदार असावे. या उदारपणामुळेच इंटरनेट वाढले.

ओळखीच्या गल्लीत दार उघडे ठेवून झोपणारा माणूस मूर्ख नसतो. गल्लीचे शहर झाल्यावरही तो दार उघडे ठेवू लागला, तर मात्र अडचण येते. १९९५ नंतर इंटरनेट सर्वांसाठी खुले झाले. भारतातही १५ ऑगस्ट १९९५ रोजी विदेश संचार निगमने ते जनतेसाठी सुरू केले. जाळे शहरासारखे झाले, पण आतले प्रोग्रॅम गल्लीच्या काळातलेच होते.

यावर मूलभूत उपाय हा की पोस्टमननेच पाठवणाऱ्याचा पत्ता पाहावा. जोडणी देणाऱ्या कंपनीला तिच्या ग्राहकांचे पत्ते माहीत असतात. भलताच पत्ता लिहिलेले पाकीट तिने बाहेर जाऊच देऊ नये. मे २००० मध्ये ही शिफारस सर्वांसाठी प्रसिद्ध झाली. पण तिच्यात एक अवघड जागा आहे. पत्ते तपासण्याचा खर्च करायचा माझ्या कंपनीने आणि वाचणार दुसऱ्या कंपनीचे ग्राहक. म्हणून सर्वांनी ती पाळलेली नाही. २८ फेब्रुवारी २०१८ रोजी गिटहब या संकेतस्थळावर सेकंदाला १.३५ टेराबिट इतका मारा झाला. तोही खोट्या पत्त्यावरून उत्तरे मागवूनच केलेला होता.

आणि प्रोग्रॅममधल्या चुका? त्याही संपलेल्या नाहीत. जून २०१९ मध्ये लिनक्समध्ये एक चूक उघडकीला आली. तुकडे मोजण्यासाठी १६ बिटांची जागा ठेवलेली होती. एका वेळी जास्तीत जास्त १७ × ३२ किलोबाइट, म्हणजे ५,५७,०५६ बाइट, रांगेत राहू शकत. प्रत्येक तुकडा ८ बाइटांचा करायला भाग पाडले तर तुकडे होतात ६९,६३२. मर्यादा पुन्हा तीच, ६५,५३५! पिंग ऑफ डेथनंतर २३ वर्षांनी तोच आकडा, तशीच बेरीज. दुरुस्ती लगेच झाली. पण जुनी, दुरुस्ती न केलेली यंत्रे शाळांत, कार्यालयांत, दवाखान्यांत वर्षानुवर्षे चालू असतात, हे आपण जाणतोच.

वर्गात करून पाहा

या विषयासाठी संगणक लागत नाही. दवाखान्याचा खेळ चिठ्ठ्यांवर छान होतो. एक मूल कंपाउंडर, फळ्यावर आठ चौकटींची 'वही', एक मूल टपाल पोचवणारे. बाकीच्यांनी चिठ्ठ्यांवर नाव आणि बाक क्रमांक लिहून पाठवायचा. कंपाउंडर त्या बाकावर उत्तर पाठवतो, पोच आली की चौकट पुसतो. खेळ नीट चालू लागला की एका मुलाला गुपचूप रिकाम्या बाकांचे क्रमांक लिहायला सांगा. वही किती वेळात भरते ते मोजा. मग मुलांनाच उपाय शोधू द्या. कोणी म्हणेल, 'वही मोठी करू.' कोणी म्हणेल, 'मुदत कमी करू.' दोन्ही करून पाहा आणि दोन्हींची किंमत काय पडते ते विचारा. मुदत फार कमी केली तर लांबच्या बाकावरचे खरे मूलही बाद होते, हे त्यांच्या लक्षात येईल.

दुसरा प्रश्न गणिताच्या तासाला. पिंगबरोबर जास्तीत जास्त किती बाइट नियमात बसतील? (६५,५३५ − २० − ८ = ६५,५०७.)

त्या मुलाचा प्रश्न

चूक माझी की संगणकाची? आज मी त्याला म्हणेन, "अरे, दोघांचीही. पण दोन वेगळ्या चुका आहेत." आलेला आकडा तपासून न घेणे ही प्रोग्रॅम लिहिणाऱ्याची चूक. ती शोधणारा माणूस उपयोगी काम करतो. वर सांगितलेली प्रत्येक दुरुस्ती कोणाला तरी 'असे पाठवले तर काय होईल?' हा प्रश्न पडला म्हणूनच झाली. पण तो प्रश्न स्वतःच्या यंत्रावर, कोणाचे काम अडणार नाही अशा वेळी विचारायचा असतो, आणि उत्तर ज्याने दुरुस्ती करायची त्याला आधी सांगायचे असते. माहिती तंत्रज्ञान कायदा, २००० याच्या ४३ व्या कलमात, मालकाच्या परवानगीशिवाय कोणाचा संगणक बिघडवणे किंवा हक्काच्या वापरणाऱ्याला अडवणे यासाठी भरपाई द्यावी लागते. 'मी हात लावला नाही' हे उत्तर तिथे चालत नाही.

त्या वेळी एवढे सुचले नव्हते. मी त्याला परीक्षेला बसू दिले. मात्र त्याआधी दुसऱ्या दिवशी सकाळी सातला त्याला बोलावले. त्या दोन मुली कागदावरून वाचून दाखवत होत्या आणि तो टंकत होता. दर पाच मिनिटांनी तो न सांगता मजकूर साठवून ठेवत होता.